घरी सांगितलंत का?

समोरचा माणूस बोलायला लागला की ती हातातला चहाचा कप खाली ठेवायची. मग तो दोन मिनिटं बोलो की तासभर, तिचा हात पुन्हा कपाकडे जायचा नाही. चहावर साय धरायची, माशी बसायची. टपरीवाला कुरकुरायचा, "बाई, तुमच्यासाठी च्या कशाला टाकतो तेच कळत नाय मला."

ती म्हणायची, "मला थंड आवडतो."

आवडत नव्हता. तिला कडकडीत चहा लागायचा, हे मला फार पुढे कळलं.

कसारा घाट उतरून आलेल्या गाड्या पायथ्याशी थांबतात. ब्रेक थंड करतात. ड्रायव्हर तोंड धुतात, जेवतात, गाडीखाली अंथरूण टाकून झोपतात. तिथे त्या टपरीशेजारी निळ्या ताडपत्रीच्या सावलीत ती बसायची. एका संस्थेचं काम होतं तिच्याकडे. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरांशी गुप्तरोगांबद्दल, एचआयव्हीबद्दल बोलायचं, निरोध वाटायचे, कोणाला शंका असेल तर रक्त तपासायला न्यायचं. सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणत. कोणी जवळ येऊन घुटमळायला लागला, की ती खुर्ची पुढे सरकवायची. "बसा आणि बोला. मी काय तुमची सासू नाय."

तुम्ही म्हणाल, किती चांगली बाई. मीही आता तेच म्हणते. पण तिला पाहण्याआधीच माझा तिच्यावर जळफळाट सुरू झाला होता, आणि पाहिल्यावर तो वाढला.

आमचं घर किन्हवलीला. मी घरी ब्लाऊज शिवते. नवरा ट्रक चालवायचा. भिवंडीहून माल भरून इंदूर, नागपूर, कधी थेट रायपूर. दहा-बारा दिवसांनी घरी यायचा, जेवायचा, झोपायचा आणि पुन्हा निघायचा. बोलणं म्हणजे "पोरगी अभ्यास करते का?" आणि "आमटीत मीठ कमी हाय." लग्न झाल्यापासून मी हेच बोलणं समजून चालले होते. ड्रायव्हरांची घरं अशीच असतात, अशी माझी समजूत होती.

मग एका खेपेला 'बाई म्हणतात' सुरू झालं.

"बाई म्हणतात, झोप पुरी व्हायला पायजे."

"बाई म्हणतात, तंबाखूनं भूक मरते."

मी विचारलं, "कोण बाई?"

"हाय एक. कसाऱ्याला बसते."

"काय करते?"

त्यानं जरा विचार केला. "बोलते."

बोलते! मग इतकी वर्षं मी काय करत होते?

त्यानंतर माझं लक्ष बारीकसारीक गोष्टींकडे जायला लागलं. निघायच्या दिवशी तो दाढी करायला लागला. धुतलेला शर्ट मागायला लागला. गाडीवर जाणारा माणूस, दोन तासांत तेलानं माखणार, त्याला धुतलेला शर्ट कशाला? एकदा जेवताना तो आपल्याशीच हसला. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाला, "काय नाय. बाईंचं एक आठवलं." माझ्या हातातला घास गोड लागेना.

घरातही एक बदल झाला होता. तो निरोध वापरायला लागला होता. मी तांबी काढून घेतली होती, तिचा त्रास व्हायचा. तो म्हणाला, आता हेच बरं. मला ते पटलंही होतं. पण एकदा त्याची पिशवी धुवायला काढली तर आत पाकिटांची माळच निघाली. घरी तो महिन्यातून चार-पाच दिवस. मग एवढे कोणासाठी?

मी ती सगळी पाकिटं चुलीत घातली. घरभर रबराचा वास सुटला. सासूबाई आतून म्हणाल्या, "काय जळतंय गो?"

"जुनी चप्पल," मी म्हटलं.

पुढच्या खेपेला त्याच्या पिशवीत नवी पाकिटं होती. चप्पल जळाल्याचं त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण माझं ठरलं. शहापूरला अस्तराचं कापड आणायला जाते असं घरात सांगून मी एसटीत बसले. शहापूरला उतरले आणि कापडाच्या दुकानाकडे न वळता कसाऱ्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये चढले.

वाटेत मी मनाला समजावत होते, की असेल कोणी जाडजूड, चष्मेवाली, दवाखान्यातली नर्स असते तशी. ती तशी नव्हती. माझ्याच वयाची, उंच, सावळी, आणि हसली की दोन्ही गालांना खळ्या पडायच्या. अबोली रंगाची साधी साडी. पण ब्लाऊज! शिवणाऱ्या बाईची नजर आधी तिथेच जाते. पाठीला एक चुणी नाही, बाही दंडाला नेमकी बसलेली. असं बेतून शिवणारी या भागात मी सोडून कोण आहे, असाही एक राग मला त्या घटकेला आला.

भोवती सात-आठ ड्रायव्हर बसले होते. ती लाकडाच्या दांड्यावर निरोध चढवून दाखवत होती. मी एका गाडीच्या आडोशाला उभी राहिले. एक म्हातारासा ड्रायव्हर म्हणाला, "बाई, म्हणजे हे टायरसारखंच की."

"टायरसारखंच," ती म्हणाली. "फक्त एकावर एक दोन चढवायचे नाय. आणि पंक्चर काढून परत वापरायचा नाय."

सगळे हसले. आडोशाला उभी राहून मीही हसले. आणि हसल्याबरोबर जास्तच चिडले. माझा नवरा जेवताना जे आठवून हसला होता, ते हेच असणार. त्याला हसवायला मला कधी जमलं नव्हतं.

माणसं पांगल्यावर मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. टपरीवाल्यानं नुकताच तिला चहा दिला होता. तिनं तो खाली ठेवला. "बोला ताई."

मी नवऱ्याचं नाव सांगितलं. "तो तुमच्याकडे येतो?"

तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे सावध झाले. "इथं बरेच जण येतात."

"तो काय बोलतो तुमच्याशी?"

"ते मी सांगत नाय. कोणाचंच कोणाला नाय."

"मी त्याची बायको हाय."

"म्हणून तर," ती म्हणाली. "त्यांनाच विचारा."

"तुमचं काय हाय त्याच्याशी?" माझा आवाज चढला. टपरीवाला पाणी ओतता ओतता थांबला.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. मी भांडायच्या तयारीनं गेले होते आणि भांडण एकटीला करता येत नाही. ती म्हणाली, "माझं काय नाय. पण तुमी एवढ्या लांब आलात ना, मग हे असंच नका सोडू. ते घरी आले की विचारा. रागानं विचारा, पण विचारा."

मग ती माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आली, मी न मागता आपला फोन नंबर लिहून दिला आणि हात करून जीप थांबवली. जीपवाला म्हणाला, "बसा ताई, बाईंच्या पाव्हण्या का?" त्यालाही ती ठाऊक होती. परतीच्या वाटेवर मला त्या जीपवाल्याचासुद्धा राग येत होता.

नवरा दोन दिवसांनी आला. भर दुपारी. सासूबाई शेजारी गेल्या होत्या, मुलगी शाळेत. मी मशीनवर होते. तो ओट्यावर बसला, उठला, पुन्हा बसला. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "तू कसाऱ्याला गेलतीस."

"तिनं सांगितलं वाटतं."

"तिनं एवढंच विचारलं, घरी सांगितलंत का? दर खेपेला तेच विचारते. आज म्हणाली, आता परत त्यांनीच इथं यायचं का तुमी घरी जाऊन सांगायचं, ते ठरवा."

मी मशीन थांबवली.

"मला ती बिमारी हाय," तो म्हणाला. "एचआयव्ही. बाईंनीच रक्त तपासायला नेलतं. गोळ्या चालू हायेत." मग म्हणाला, "इंदूरकडं. लय आधीची गोष्ट हाय. आता नाय." आणि तो रडायला लागला. मोठा माणूस असा रडताना मी फक्त मयताला पाहिला होता.

तुम्हाला वाटेल, मला आधी आजाराची भीती वाटली असेल. किंवा इंदूरच्या त्या बाईचा राग आला असेल. दोन्ही झालं, पण नंतर. पहिली गोष्ट माझ्या मनात आली ती अशी: तिला माहीत होतं. माझ्या नवऱ्याची सगळ्यात मोठी गोष्ट तिला माझ्याआधी माहीत होती. मी समोर उभी राहून ओरडत होते तेव्हाही तिला माहीत होतं.

मी शहापूरच्या सरकारी दवाखान्यात रक्त दिलं. मला लागण नव्हती. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, असं त्यांनी सांगितलं. मी मुलीला घेऊन माहेरी गेले, मुरबाडजवळच्या आमच्या गावाला. आईला काही सांगितलं नाही. नवऱ्याचे फोन घेतले नाहीत. मी वाट पाहत होते ती बाईच्या फोनची. तो आला की काय काय ऐकवायचं, हे मी पाठ करून ठेवलं होतं. तो आलाच नाही. शेवटी मीच केला.

"तुमाला आधी माहीत होतं."

"हो."

"मला का नाय सांगितलं?"

"ते सांगायचं काम माझं नव्हतं, ताई."

"मी मेले असते तर?"

त्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणून तर त्यांना पहिल्या दिवशी एक गोष्ट बजावली होती. घरी सांगायची हिंमत होईपर्यंत निरोधाशिवाय बायकोजवळ जायचं नाय. ते म्हणाले, बायको संशय घेईल. मी म्हटलं, घेऊ दे."

फोन कानाला तसाच लावून मी आईच्या परड्यात उभी राहिले. जी पाकिटं मी दुसऱ्या बाईची समजून चुलीत घातली होती, ती माझ्यासाठी होती. तिनं ती मोजून-मापून त्याच्या पिशवीत कोंबली होती, कमी पडू नयेत म्हणून.

तरीही मी तिला वाटेल ते बोलले. पाठ केलेलं सगळं बोलले आणि न केलेलंही. तिनं मधे एक शब्द काढला नाही, फोन ठेवला नाही. मी दमले तेव्हा म्हणाली, "रागवा. पण तीन महिन्यांची तपासणी चुकवू नका."

दुसऱ्या तपासणीतही मला काही निघालं नाही. त्यानंतर मी किन्हवलीला परत गेले. का गेले, ते एका वाक्यात सांगता येत नाही. मुलीची शाळा होती. लोक विचारायला लागले होते. आणि मला राहून राहून वाटायचं, की त्याला खोटं बोलता आलं असतं. ज्याला मीठ कमी आहे याच्यापलीकडे बोलता येत नव्हतं, तो माझ्यासमोर बसून ते वाक्य बोलला होता. तेवढ्यासाठी त्याला माफ केलं असं नाही. पण तेवढ्यासाठी घर सोडवेना.

त्यानं लांबच्या खेपा सोडल्या. आता तो वासिंदपर्यंत विटांची गाडी चालवतो. गोळी रोज घेतो. पुढे डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, की रक्तातला विषाणू आता इतका कमी झालाय की तपासणीत दिसतही नाही. गोळी अशीच नेमानं चालू राहिली तर तो बायकोला लागत नाही. नवरा डॉक्टरांच्या पाया पडायला वाकला. बाहेर आल्यावर त्यानं पहिला फोन कोणाला केला? बाईला. मी त्याच्या शेजारीच उभी होते, पण मला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, मी ऐकलंच होतं. तरी मला लागलं.

तिचं-माझं नातं असं विचित्रच राहिलं. ती फोन करायची, मी दोन शब्दांत उत्तर द्यायची. एकदा मात्र तिनं वेगळंच विचारलं. मुरबाडमध्ये एका ड्रायव्हरच्या बायकोला नवऱ्यानं नुकतंच सांगितलं होतं. तिला कोणाशी तरी बोलायचं होतं. "माझ्याशी नाय," बाई म्हणाली. "तिला अशी बाई पायजे, जी यातून गेली आणि घरी परतली. मी तुमचं नाव घेतलेलं नाय. तुमी हो म्हणालात तरच."

का कोण जाणे, मी हो म्हटलं.

मुरबाडच्या बाजारामागे एका खोलीत ती मुलगी राहत होती. बाई मला तिथे घेऊन गेली. मुलगीच, लग्नाला फार दिवस झाले नसावेत. बाईकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. सगळं मला विचारत होती. परत कशा गेलात? एका ताटात जेवता का? लेकराला जवळ घेऊ देता का? रात्री झोप लागते का? मी सांगत गेले. एका ताटात जेवल्यानं काही होत नाही, लेकराला जवळ घेतल्यानं काही होत नाही, झोप पहिल्या वर्षी लागत नाही. आपल्याला एवढं बोलता येतं हे मलाच नवीन होतं. बाई दाराशी बसली होती. तिच्यापुढे चहा होता आणि या वेळी तिनं तो गरम असतानाच पिऊन टाकला. तिला कोणी काही सांगतच नव्हतं.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. सरळगाव मागे पडलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला तुमचा हेवा वाटतो, ताई."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"माझा मालक गाडीवरच होता," ती म्हणाली. "त्याला माहीत होतं. त्याच्या शेठला माहीत होतं. त्याच्याबरोबरच्या ड्रायव्हरांना माहीत होतं. तो गेल्यावर तेराव्याला त्यातल्याच एकानं मला सांगितलं. मला लागण झालीच होती. गोळ्या घेते, बरी हाय, त्याचं काय नाय. पण गावाला माहीत आणि मला नाय, हे अजून जात नाय मनातून. दर खेपेला घरी आला की माझ्याशी पाऊसपाण्याचं बोलायचा. शेवटच्या दिवशीसुद्धा." तिनं खिडकीची काच ओढून घेतली. "तुमचा तुमच्यासमोर बसला आणि बोलला. त्यांनी मला जेव्हा सांगितलं ना की घरी सांगून झालं, तेव्हा मी तोंडानं बरं झालं म्हटलं. पण त्या दिवशी जेवण गेलं नाय मला."

खरं सांगते, ऐकून आधी मला बरं वाटलं. जिच्यावर मी इतके दिवस जळत होते, ती माझ्यावर जळत होती. मग तिच्याकडे बघितलं आणि ते बरं वाटणं पार उतरलं. ती असती माझ्या जागी, तर तिला काहीतरी नेमकं सुचलं असतं. मी पिशवीतून बोरं काढली आणि आम्ही दोघी किन्हवली येईपर्यंत बोरं खात बसलो. मी उतरले. ती तशीच पुढे शहापूरला गेली.

पुढे नवा महामार्ग सुरू झाला. मोठ्या गाड्या जुना घाट सोडून तिकडून जायला लागल्या. पायथ्याशी थांबणारे ड्रायव्हर कमी झाले तसं संस्थेनं तिथलं काम बंद केलं. बाईला कुठे पाठवलं, ते नक्की कोणी सांगत नाही. कोणी बंदराकडे म्हणतो, कोणी गुजरातच्या हद्दीवर. मी एकदा मुद्दाम तिथे उतरून पाहिलं. टपरी बंद होती. ताडपत्री कोणीतरी काढून नेली होती आणि त्या जागी एक म्हैस बसली होती.

नवरा आता घरी बोलतो. रोज नाही, पण बोलतो. मला तिच्यासारखं ऐकता येत नाही. मी मधेच बोलते, मधेच रागावते, तो मग उठून जातो आणि थोड्या वेळानं परत येऊन राहिलेलं सांगतो. गेल्या आठवड्यात आम्ही दोघं वाल सोलत बसलो होतो. तो सांगायला लागला, की रिपोर्ट कळला त्या दिवशी घाट चढताना त्यानं गाडी दरीच्या कडेला नेऊन उभी केली होती. इंजिन चालू. बराच वेळ तसाच बसला होता. मग मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न मारला म्हणून गाडी पुढे घेतली.

मी सोलायची थांबले.

तो खाली बघत म्हणाला, "हे मी बाईंनापण नाय सांगितलं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. काही वेळानं तो झोपायला गेला. मी मात्र तिथेच बसून राहिले. शेवटी एक तरी गोष्ट माझ्या एकटीच्या वाट्याला आली होती, तिला न मिळालेली. मला वाटत होतं, हे कोणाला तरी सांगावं. फोन घेतला आणि तिचा नंबर लावला. नंबर बंद असल्याचं पलीकडून सांगितलं गेलं, आधी मराठीतून आणि मग हिंदीतून. मी शेवटपर्यंत ऐकलं.